घरी बांधलेल्या विमानातील होकायंत्र

धार ते देवास हे अंतर सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर. वारा नसतानाही दिशेत पाच अंशांची चूक झाली, तर विमान देवासपासून जवळजवळ साडेसात किलोमीटर बाजूने निघून जाते. हवा स्वच्छ असेल तर चामुंडा टेकडी वैमानिकाला सावरून घेते. धुरकट हवेत सारी भिस्त यंत्रावर.

माळव्यात चुंबकीय आणि भौगोलिक उत्तर यांतील फरक एक अंशाहूनही कमी आहे. तेथे मोठी चूक होते ती विमानामुळे. द्रवात तरंगणारे पारंपरिक होकायंत्र इंजिनाचे लोखंड व विजेच्या तारा यांमुळे विचलित होते, वळणावर तर मागेपुढे भरकटते. म्हणून हौशी बांधणीदार चुंबकक्षेत्र मोजणारा संवेदक पंखाच्या टोकाशी किंवा शेपटीत बसवतात. जायरोच्या साहाय्याने पडद्यावर स्थिर दिशा दिसते. पंखाच्या टोकाशी दिव्यांच्या तारा असतात, हे पुष्कळदा विसरले जाते. जाणारी व परतणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्यावी, स्क्रू पितळी वापरावेत. मग लोखंडी शेडपासून दूर, विमान गोल फिरवून यंत्र जुळवावे. जीपीएस हा पर्याय नव्हे: विमान कोणीकडे सरकते आहे हे तो सांगतो, नाक कोणीकडे आहे हे नाही.

कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांच्यामुळे हा ध्यास मराठी वाचकांना परिचित झाला. २०१७ मध्ये त्या विमानाची सरकारदरबारी नोंदणी झाली.

जुने होकायंत्र मात्र काढून टाकू नये. वीज गेली तरी ते चालते.