‘अँटीट्रस्ट’मधला ट्रस्ट कोणता?

बड्या तंत्रज्ञान कंपन्यांवरील खटल्यांच्या इंग्रजी बातम्या वाचताना विद्यार्थी चकतो तो बहुधा ओळखीच्या शब्दांपाशी. अनोळखी शब्दासाठी कोश उघडला जातो. ओळखीच्या शब्दासाठी तो कोणी उघडत नाही. आमच्या टेबलावर एकदा यंत्रानुवादातून ‘विश्वासविरोधी कायदा’ असा मजकूर आला होता. मूळ शब्द होता ‘अँटीट्रस्ट’.

यातील ‘ट्रस्ट’चा अर्थ विश्वास नव्हे, देवस्थानाचा न्यासही नव्हे. 1882 मध्ये अमेरिकेत रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलने अनेक तेलकंपन्यांचे समभाग नऊ विश्वस्तांच्या हाती एकवटले आणि व्यवसाय जवळजवळ एकहाती केला. अशा जुटीला लोक ‘ट्रस्ट’ म्हणू लागले. तिच्याविरुद्ध 1890 मध्ये शेर्मन कायदा झाला आणि 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टँडर्ड ऑइलच्या 34 कंपन्या झाल्या. ट्रस्ट गेले, कायद्याचे नाव मात्र राहिले. मराठीत ‘मक्तेदारीविरोधी कायदा’ हे त्याचे भाषांतर चालते, पण एक खोच ध्यानी ठेवावी. मक्ता सरकारकडून मिळतो. ‘मोनोपॉली’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ केवळ ‘एकट्याने विकणे’ असा आहे. ती कोणी दिलेली असावी लागत नाही.

या वादातील सर्वांत महत्त्वाचा शब्द माझ्या मते ‘डिफॉल्ट’. कर्ज थकवणारा तो ‘डिफॉल्टर’ हे आपल्याला बँकांनी शिकवले. मग मोबाइलमधील ‘डिफॉल्ट सर्च इंजिन’ने काय थकवले? शब्दाचे मूळ ‘कसूर’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. कर्जदाराने फेडीत कसूर केली तर ते डिफॉल्ट; वापरकर्त्याने निवड करण्यात कसूर केली तर आपोआप लागू होणारी निवड तीही डिफॉल्ट. ही कसूर किती मोलाची असते ते गूगलवरील अमेरिकी खटल्यात दिसले. आपले सर्च इंजिन फोन आणि ब्राउझरवर आधीपासून बसवलेले असावे, यासाठी गूगलने 2021 या एका वर्षात ॲपल आणि इतरांना मिळून 26.3 अब्ज डॉलर मोजले होते. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा निर्णय दिला. त्यानंतरच्या बातम्यांत ‘रेमेडी’ हा शब्द सतत येतो. तो औषधोपचाराचा नाही. झालेली हानी दूर करण्यासाठी न्यायालय जो आदेश देते तो. सप्टेंबर 2025 च्या अशा आदेशात क्रोम विकण्याची सक्ती नाकारली गेली. काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचे बंधन मात्र आले.

‘अब्यूज’ म्हणजे येथे शिवीगाळ नव्हे, गैरवापर. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्याचे चौथे कलम याच शब्दावर उभे आहे. बाजारात वरचढ असणे गुन्हा नाही. त्या वरचढपणाचा गैरवापर निषिद्ध आहे. याच आधारे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला.

‘गेटकीपर’चे भाषांतर ‘द्वारपाल’ करताना हात अडखळतो, कारण आपल्या मनातले जय-विजय वैकुंठाचे चाकर आहेत. युरोपीय संघाच्या 2022 च्या कायद्यातील द्वारपाल मात्र वाड्याचाच धनी आहे आणि आत त्याचे स्वतःचे दुकानही आहे! सप्टेंबर 2023 मध्ये अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट या सहा कंपन्यांना ही उपाधी लागली. स्वतःच्या दुकानाला दर्शनी जागा देणे म्हणजे ‘सेल्फ-प्रेफरन्सिंग’. गूगलच्या खरेदी-सेवेबाबत याच कारणावरून 2017 मध्ये झालेला 242 कोटी युरोंचा दंड सप्टेंबर 2024 मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. या शब्दाला रुळलेला मराठी पर्याय अजून नाही. आम्ही तूर्त ‘स्वपक्षपात’ लिहितो.