सूत्रसंचालकाच्या हाती काय असते?

३० सप्टेंबर २०२०. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये २९ तारखेची रात्र होती. ट्रम्प आणि बायडन यांची पहिली जाहीर चर्चा मी पाहत होतो. नियम साधा होता. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला दोघांना दोन-दोन मिनिटे, त्यात दुसऱ्याने बोलायचे नाही. ट्रम्प वारंवार मध्ये बोलत राहिले, बायडनही चिडले. सूत्रसंचालक ख्रिस वॉलेस मुरलेले पत्रकार. पण मान्य केलेल्या नियमाची आठवण करून देण्यापलीकडे त्यांना फारसे काही करता येईना. चांगली संधी वाया गेली, अशी खंत पुढे त्यांनीच बोलून दाखवली.

मला १८५८ साल आठवले. इलिनॉयमध्ये लिंकन आणि डग्लस सात ठिकाणी समोरासमोर आले. पहिल्याला एक तास, दुसऱ्याला दीड तास, पुन्हा पहिल्याला अर्धा तास. प्रश्न विचारणारा कुणी नव्हता. श्रोते आरडाओरडा करत, भाषणांत बोचरे टोमणे असत, वंशद्वेषही होता. तरी गुलामगिरीवरचा युक्तिवाद शेवटपर्यंत मांडता येई, कारण घड्याळ दोघांनी मानले होते.

२२ ऑक्टोबरला नॅशव्हिलमध्ये सुरुवातीच्या दोन-दोन मिनिटांत दुसऱ्याचा माइक बंद ठेवला गेला. सूत्रसंचालक क्रिस्टन वेल्कर यांचे काम सोपे झाले, लोकांना उत्तरे ऐकू आली. उपाय चांगलाच. पण स्वतः मान्य केलेली दोन मिनिटे पाळायला ज्याला बटण लागते, तो सत्तेवर बसल्यावर कायदा कसा पाळेल, हा प्रश्न मतदारानेच विचारायचा आहे.