'एच'च्या आधीची सात अक्षरं

1914 साली शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रँकलिन मॉल यांनी बॉल्टिमोरमध्ये जमवलेल्या 266 मानवी भ्रूणांचे 14 टप्पे पाडून निबंध छापला. भ्रूण 2 ते 25 मिलिमीटर लांबीचे. प्रत्येक टप्प्याला एक इंग्रजी अक्षर होतं, पण सुरुवात 'एच'पासून आणि शेवट 'यू'ला. आधीची सात अक्षरं मोकळीच राहिली.

कारण उघड आहे. मॉल यांच्याकडे नमुने येत ते डॉक्टरांकडून, गर्भपात झाल्यावर किंवा शस्त्रक्रियेत हाती लागले तर. पाळी चुकल्याचं बाईच्या लक्षात येतं तोवर भ्रूण दोन आठवड्यांचा झालेला असतो. पहिल्या पंधरवड्यातलं काही डॉक्टरांच्या हाती पडणं म्हणजे निव्वळ योगायोग.

मॉल 1917 साली वारले. कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या पैशावर उभा राहिलेला त्यांचा भ्रूणशास्त्र विभाग जॉर्ज स्ट्रीटर यांच्याकडे आला. केवळ लांबीवर वय ठरवणं स्ट्रीटरना पटत नव्हतं. डोळा, कान, हातापायांचे अंकुर कुठवर आले आहेत ते पाहून त्यांनी भ्रूणांचे गट लावले. 1942 साली त्यांचा पहिला हप्ता आला तो गट क्रमांक 11 आणि 12 यांचा. सुरुवातीचे गट तेव्हाही मागेच. शेवटची रेघ मात्र त्यांनी ठामपणे ओढली: दंडाच्या हाडातल्या कूर्चेच्या जागी मज्जा दिसू लागली, की भ्रूणावस्था संपली. रेघ सोयीची होती हे त्यांनाही ठाऊक होतं. कुठेतरी थांबायला हवंच होतं.

मोकळ्या जागा भरल्या त्या बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये. तिथल्या फ्री हॉस्पिटल फॉर विमेनमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक (पुढे गर्भनिरोधक गोळीमुळे गाजलेले तेच) आणि विकृतिशास्त्रज्ञ आर्थर हर्टिग यांनी 1938 पासून सुमारे पंधरा वर्षं एक शोध चालवला. पिशवी काढायची ठरलेली, नवऱ्यासोबत नांदणारी, आधी किमान तीनदा गरोदर राहिलेली बाई निवडायची. तिनं पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा लिहून ठेवायच्या. शस्त्रक्रियेचा दिवस तिच्या बीजमोचनानंतरचा धरायचा. काढलेली पिशवी उघडून हर्टिग अस्तर तपासत. 11 दिवसांचा भ्रूण रुतलेला असेल, तर जेमतेम मिलिमीटरभराचा उंचवटा दिसणार. सापडलेले नमुने बॉल्टिमोरला जात, तिथे त्यांचे पातळ छेद काचपट्ट्यांवर चढत आणि त्यांना क्रमांक मिळे. 1941 साली प्रसिद्ध झालेला 11 दिवसांचा भ्रूण क्रमांक 7699, बारा दिवसांचा 7700.

या कामाचा हिशेब 1959 सालच्या एका निबंधाच्या शीर्षकातच आहे: 210 स्त्रिया, 34 फलित बीजं. त्यांतली 13 सदोष निघाली. गर्भ राहिल्याचं कळायच्या आधीच किती गर्भ निसटत असतील, याचा थेट पुरावा प्रथमच हाती आला. या निबंधाच्या लेखकांत मिरियम मेन्किन यांचंही नाव आहे. 1944 साली रॉक यांच्यासह त्यांनीच शरीराबाहेर मानवी बीज फलित झाल्याचं जाहीर केलं होतं.

त्या 210 जणींची नावं छापली नाहीत. रुग्णांची छापतही नाहीत. पण अकरा की बारा दिवस, हे अस्तराच्या अवस्थेबरोबर त्यांनी लिहिलेल्या तारखांवरूनही ठरलं, हे विसरता येत नाही. माणसांवरच्या प्रयोगांसाठी अमेरिकेत राष्ट्रीय कायदा आला तो 1974 साली, म्हणजे हे सगळं आटोपल्यावर. पिशवी काढणं वैद्यकीय गरजेचं होतं हे मान्य केलं, तरी दिवस कोणाच्या सोयीनं ठरला हा प्रश्न उरतोच. माझ्या मते तो संशोधनाच्या सोयीनं ठरला.

स्ट्रीटर 1948 साली गेले. त्यांचे गट पुढे 'टप्पे' झाले. भ्रूणशास्त्रज्ञ रोनन ओराहिली यांनी 1973 साली पहिल्या नऊ टप्प्यांचं वर्णन पूर्ण केलं, तेव्हा त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यांसाठी मुख्यतः ब्रुकलाइनचे नमुने आधाराला होते. पुढे 1987 साली फाबिओला म्युलर यांच्यासह त्यांनी सर्व 23 टप्पे एका ग्रंथात आणले. तेविसाव्याचं वय सुमारे 56 दिवस. भारतातल्या 2021 सालच्या सहाय्यित प्रजनन कायद्यातही भ्रूणाची व्याख्या 56 व्या दिवशीच संपते.

मूळ काचपट्ट्या आता मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यक संग्रहालयाकडे आहेत.