लोकरीची प्रतवारी

नागपूरच्या दक्षिणेस बेसा येथे आज जिकडे तिकडे घरे दिसतात, तेथे पूर्वी मोकळी वावरे होती. त्यांपैकी एकात कच्छकडून आलेल्या मेंढपाळाचे बिऱ्हाड उतरले असता कातरणी पाहण्याचा योग आम्हांला आला. वेदीवरून मेंढरांचे दाखले देण्यात आमचे आयुष्य गेले. पण लोकरीत हात घातला तो त्या दिवशी प्रथमच! खांद्यावरील लोकर बोटांना मऊ लागली, मांडीवरील राठ. पाठीवरची उन्हापावसाने रुक्ष झालेली, पोटाखालची आखूड व गुंतलेली. पायांवर तर निव्वळ केस.

एकाच कातडीवर हा भेद का असावा? तंतूंची मुळे जेथे दाट, तेथे तंतू बारीक येतो. खांद्यापासून मागे जावे तसा तो जाड होत जातो. मेरिनो जातीत हे अंतर थोडे, भरड लोकरीच्या जातींत अधिक.

मध्ययुगीन इंग्लंडमधील सिस्टर्शियन मठवासी हे पुरते जाणून होते. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीत काम करणाऱ्या फ्रांचेस्को पेगोलोत्ती याने सुमारे १३४० मध्ये सिद्ध केलेल्या व्यापारविषयक ग्रंथात अनेक मठांपुढे लोकरीचे तीन भाव नोंदले आहेत : उत्तम, मध्यम आणि तुटक बटांचा. टिंटर्न मठाच्या उत्तम लोकरीची गोणी २८ मार्कांना जाई. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या त्या बंधूंना बाजारभाव मात्र पक्का ठाऊक होता!

आपल्याकडेही प्रतवारी होती, पण तिचा निकष निराळा. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच भरड, बहुधा काळी वा करडी. धनगराने ती अवयवांपेक्षा वयावरून व रंगावरून निवडली. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. तिची घोंगडी मऊ, म्हणून मोलाची. काळ्यापांढऱ्या नैसर्गिक लोकरीतूनच सणगर काठ उठवी आणि चिंचोक्यांची खळ देई. पावसात मेंढरांमागे हिंडणाऱ्याला राठ तंतूचे वावडे नव्हते.

पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मेरिनो व रॅम्बुले यांच्याशी संकराचे प्रयोग झाले. परंतु मेंढपाळाची मिळकत तोवर मांसाकडे वळली होती. आज कित्येक ठिकाणी लोकरीच्या किमतीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही.

बेसाच्या त्या वावरात खांद्याची, पोटाची, मांडीची सारी लोकर एकाच पोत्यात कोंबली जात होती. आम्ही कारण विचारले. "निवडून ठेवली तर घेणार कोण, बाबा?" असे म्हणून त्याने पुढची मेंढी ओढली.