तालमीपासून पीएच.डी.पर्यंत : पुण्यातील शारीरिक शिक्षणविषयक संशोधनाची वाटचाल

प्रस्तावना

शारीरिक शिक्षण या विषयात पीएच.डी. करता येते, हे ऐकून आजही अनेक सुशिक्षितांना आश्चर्य वाटते. महाविद्यालयाच्या अध्यापककक्षातही या विषयाच्या प्राध्यापकाची ओळख बहुधा 'पी. टी.चे सर' अशीच असते. हा केवळ आदर-अनादराचा प्रश्न नाही. मानवी शरीराची हालचाल हा स्वतंत्र ज्ञानविषय आहे की शिक्षणशास्त्राची एक उपशाखा, हा त्यामागील मूळ प्रश्न होय. अमेरिकेत या ज्ञानविषयाला 'किनेसिऑलॉजी' म्हणतात. मराठीत त्यास शरीरगतिशास्त्र म्हणता येईल. पुणे व परिसरातील व्यायामपरंपरा, प्रयोगशाळा आणि अध्यापक-प्रशिक्षण या तीन प्रवाहांच्या आधारे त्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तालीम : प्रमाणपत्राविना ज्ञान

पुण्यातील व्यायामविद्येचे पहिले केंद्र म्हणजे तालीम. उत्तर पेशवाईत बाळंभट्टदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. पेशवाई बुडाल्यानंतर लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ज्या तरुणांनी दांडपट्टा व कुस्तीचे धडे घेतले, त्यांत जोतीराव फुले होते. वस्तादाकडे शरीराविषयीचे सूक्ष्म ज्ञान होते. कोणत्या पट्ठ्याला किती जोर-बैठका सोसतील, कोणता डाव कोणत्या बांध्याला शोभेल, हे तो नजरेने ठरवी. मात्र हे ज्ञान हाताकडून हाताकडे जाई. ते लिहून ठेवण्याची रीत नव्हती. ही उणीव पुढे बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी भरून काढली. १९३६ ते १९४९ या काळात त्यांनी संपादित केलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' हा एखाद्या विद्यापीठाने अभिमानाने मिरवावा असा ग्रंथ होय. मात्र तो विद्यापीठाबाहेर सिद्ध झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात तालमीच्या जोडीला जिमखाना आला. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ मध्ये तेथे खो-खोचे नियम बांधण्याचे काम सुरू झाले. दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी जे खेळाडू गेले, त्यांच्या निवडीत या संस्थेचा मोठा वाटा होता. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. खेळाला नियम मिळाले, धावण्याला घड्याळ मिळाले. परंतु अनवाणी सराव केलेला धावपटू इतका का टिकतो, हे शोधणारा अभ्यासक अद्याप यायचा होता.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

तो अभ्यासक तालमीतूनच आला, ही बाब लक्षणीय आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांचे शिष्य होते. १९२४ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातील लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण छायाचित्रे व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. बस्तीच्या वेळी पाणी वर का ओढले जाते, याचे कारण त्यामुळे स्पष्ट झाले. या निर्वात स्थितीला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले.

येथे परंपरा नाकारली गेली नाही, तशी ती आंधळेपणाने स्वीकारलीही गेली नाही. तिला मोजपट्टी लावली गेली. शरीरगतिशास्त्राची वृत्ती याहून वेगळी नाही. मात्र हे कार्य विद्यापीठीय चौकटीबाहेरचे होते आणि त्यासाठी कोणालाही पदवीची अपेक्षा नव्हती.

प्रशिक्षण महाविद्यालयांचा वारसा

विद्यापीठात हा विषय शिरला तो प्रयोगशाळेच्या नव्हे, तर अध्यापक-प्रशिक्षणाच्या दाराने. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. मुंबई प्रांतात १९३८ मध्ये कांदिवली येथे सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली होती. त्याच मंडळाचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९७७ मध्ये सुरू झाले. शाळांना प्रशिक्षित शिक्षक पुरविणे, ही या सर्व संस्थांमागील प्रेरणा होती आणि ती काळाची गरजही होती. परंतु त्यामुळे विषयाची संशोधनपद्धतीही शिक्षणशास्त्राकडूनच आली. पूर्वचाचणी, ठरावीक आठवड्यांचा प्रशिक्षण कार्यक्रम, उत्तरचाचणी आणि 'टी' मूल्य, हा साचा इतका रुळला की अनेक प्रबंधांत केवळ खेळाचे नाव आणि नमुन्याचा जिल्हा बदलतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्याशाखांची संख्या चार झाली आणि शारीरिक शिक्षण आंतरविद्याशाखीय अभ्यासात समाविष्ट झाले. शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी आणि मानसशास्त्र यांच्याशी नाते जोडण्याची ही संधी होती. मात्र शाखेचे नाव बदलल्याने प्रयोगशाळा उभी राहत नाही.

पदवी आणि पद

अमेरिकेनेही हा पेच अनुभवला. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९६३ मध्ये शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासक्रम विद्यापीठांनी बंद करावेत, असे सुचविले. पुढच्याच वर्षी बर्कलेच्या फ्रँकलिन हेन्री यांनी हा स्वतंत्र विद्याविषय असल्याचे प्रतिपादन केले. १९८९ मध्ये तेथील अकादमीने 'किनेसिऑलॉजी' या नावाची शिफारस केली. टीकेला उत्तर म्हणून विषयाने आपला गाभाच नव्याने निश्चित केला.

आपल्याकडे मात्र पीएच.डी.ची चर्चा ज्ञानापेक्षा नेमणुकीभोवती अधिक फिरली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९, २०१६ आणि २०२२ च्या नियमावलींनी प्रवेश, अभ्यासक्रम आणि मुदत यांचे निकष ठरविले. २००९ मध्ये प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे झाले, तर २०२२ मध्ये ही सक्ती गेली आणि एम.फिल. ही पदवीच बंद झाली. या विषयात आणखी एक वैशिष्ट्य आहे. शारीरिक शिक्षण संचालकपदाच्या थेट भरतीसाठी आयोगाने २०१० व २०१८ च्या नियमांत शैक्षणिक अर्हतेबरोबर क्षमता चाचणीही ठेवली. ३० वर्षांपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर, तर ४० वर्षांपर्यंतच्याने १५०० मीटर अंतर कापावे. स्त्रियांसाठी ८ मिनिटांत अनुक्रमे १००० व ८०० मीटर. ग्रंथालयात बसून प्रबंध लिहिणाऱ्या उमेदवाराला मैदानही सुटत नाही. इतर कोणत्याही विषयाच्या अध्यापकाकडून अशी दुहेरी सिद्धता मागितली जात नाही. ज्ञान व शरीर यांची फारकत न करणारा हा नियम तत्त्वतः योग्यच आहे. परंतु ती एकात्मता प्रबंधातही दिसावयास हवी.

समारोप

वस्तादाची नजर, लोणावळ्याचे दाबमापक आणि प्रशिक्षण महाविद्यालयाची शिस्त, हे तिन्ही वारसे पुणे परिसरात एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर उपलब्ध आहेत. मल्लखांबात खांद्यावर पडणारा ताण, खो-खोतील अचानक दिशाबदल, वारीत दिवसेंदिवस चालणारी वृद्ध पावले, यांवरचे प्रश्न येथेच विचारले जाऊ शकतात. परदेशी ग्रंथांत त्यांची तयार उत्तरे नाहीत. त्यासाठी शारीरिक शिक्षण, वैद्यक आणि अभियांत्रिकी यांतील मार्गदर्शकांनी एकत्र यावे लागेल आणि महाविद्यालयांना उपकरणांवर खर्च करावा लागेल. कुवलयानंदांनी पदवीची वाट न पाहता मोजमाप सुरू केले. आज पदवी आहे, नियमावली आहे, संशोधन केंद्रे आहेत. आता मोजमाप सुरू राहते की नाही, यावरच या पीएच.डी.चे मोल ठरेल.