रेंजफाइंडर कालबाह्य झाला, हे कोणी सिद्ध केले?

ऑटोफोकस आला आणि हाताने फोकस करायचा रेंजफाइंडर कॅमेरा कालबाह्य झाला, हे मत आज छायाचित्रणाच्या वर्तुळात जवळजवळ निर्विवाद मानले जाते. ते मांडणारी माणसे जाणकार आहेत. म्हणून त्यांचा पक्ष आधी पूर्ण बळाने मांडतो. यंत्र डोळ्यापेक्षा अचूक आहे आणि हातापेक्षा वेगवान. आजचा मिररलेस कॅमेरा चेहऱ्यातला डोळा ओळखतो आणि माणूस हलला तरी त्याचा पिच्छा सोडत नाही. रेंजफाइंडरवाला मात्र व्ह्यूफाइंडरच्या मधल्या चौकोनी ठिपक्यात दोन प्रतिमा जुळवत बसतो. तेव्हा रेंजफाइंडरवरचे हे प्रेम म्हणजे स्मरणरंजन, आणि लायका या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या कंपनीची किंमत पाहता प्रतिष्ठेची हौस.

अचूकतेपासून सुरुवात करू. रेंजफाइंडर मुळात त्रिकोणमिती करतो. दोन खिडक्यांतून एकच वस्तू पाहून तो अंतर काढतो. खिडक्यांमधला पाया जितका रुंद, तितके मोजमाप सूक्ष्म. १९५४ च्या लायका एम३ मध्ये हा पाया, व्ह्यूफाइंडरचे ०.९१ पट दर्शन हिशेबात धरून, सुमारे ६२ मिलिमीटर भरतो. लेन्स कोणतीही लावा, तो तेवढाच राहतो. एसएलआरच्या ऑटोफोकसमधले फेज डिटेक्शनही दोन प्रतिमाच ताडून पाहते. पण त्या एकाच लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या असतात. एफ/५.६ च्या मर्यादेत काम करणाऱ्या संवेदकाला ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर मिळणारा पाया जेमतेम ६ मिलिमीटर. संवेदक बारीक वाचतो आणि ही उणीव बरीच भरून काढतो, हे मान्य. पण दोन रेषा जुळल्या की नाहीत हे ओळखताना माणसाचा डोळाही त्याच्या एरवीच्या तीक्ष्णतेपेक्षा कितीतरी पटींनी बारीक पाहतो, आणि रेंजफाइंडर त्याच्याकडून नेमके तेच काम मागतो. मग रुंद कोनाच्या लेन्सवर डोळा ढोबळ ठरतो, हे कशावरून?

शिवाय रेंजफाइंडरला हटवणारा हा ऑटोफोकस आला कुठून? १९७७ च्या कोनिका सी३५ एएफमधली हनीवेलची व्हिझिट्रॉनिक यंत्रणा आरशांच्या जोडीने दोन प्रतिमा घेई आणि त्या जुळतात कुठे ते शोधी. तो रेंजफाइंडरच होता. त्यातला पाहणारा माणूस तेवढा काढला होता.

आता वेग, आणि खरा वाद इथेच आहे. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवून ३ मीटरला लावा. सुमारे १.९ पासून ७.२ मीटरपर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. कॅमेरा डोळ्याला लागण्याआधीच फोकस झालेला असतो. याहून वेगवान मोटर कोणती? प्रतिपक्ष म्हणेल, ऑटोफोकस बंद करून हे आमच्याही कॅमेऱ्यावर जमते. जमते खरे, पण अनेक आधुनिक लेन्सवर अंतराची पट्टीच नाही, आणि फोकसची कडी अंत नसल्यासारखी फिरत राहते. बोटाला अंतर कळावे तरी कसे? १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेची गर्दी टिपणारे छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ लायका वापरत. अशा गर्दीत कोणता क्षण घ्यायचा हे यंत्र सांगत नाही. डोळा ओळखणारे यंत्र डोळाच निवडते. छायाचित्रकाराला जोडलेले हात हवे असतील, तर त्याला आधी यंत्राची निवड मोडावी लागते. ते मोडण्यात गेलेला वेळ वेगाच्या हिशेबात कोणी धरतो का? रेंजफाइंडरमध्ये तर चौकटीच्या रेषांबाहेरचेही दिसते, म्हणून चौकटीत शिरू पाहणारा माणूस आधीच कळतो.

१३५ मिलिमीटरच्या पुढच्या लेन्स, उडणारे पक्षी, क्रिकेटचे मैदान, एफ/१.४ वर धावणारे मूल: इथे ऑटोफोकस निर्विवाद श्रेष्ठ आहे. धक्क्याने रेंजफाइंडरची जुळणी बिघडते, हेही खरे. मात्र पक्ष्यांवर जिंकलेला खटला रस्त्यावरच्या छायाचित्रणाला लागू करता येत नाही.

राहिला प्रतिष्ठेचा आरोप. लायका महाग आहे, यात शंका नाही. पण सोव्हिएत झोर्की, १९६१ चा कॅनोनेट, १९६६ चा याशिका इलेक्ट्रो ३५ हे सारे रेंजफाइंडरच होते, आणि ते लायका न परवडणाऱ्यांसाठीच बनले होते. त्यांतही तोच ठिपका होता, त्याच दोन प्रतिमा होत्या. मग हौशीचा आरोप यंत्रणेवर आहे, की एका कंपनीच्या किमतीवर? निवाडा वाचकांनी करावा.