पुडीच्या कागदातला झुंजार

आमच्या चिकोडीच्या दुकानात साखर, धणे, हळद बांधायला रद्दीचे कागद यायचे. प्लास्टिकच्या पिशव्या तेव्हा आल्या नव्हत्या. त्या रद्दीत शाळेच्या जुन्या वह्या असायच्या, मासिकं असायची आणि रहस्यकथांची सुटी झालेली पानं असायची. घरात पुडी आली की आई आधी दोरा सोडून रिळाला गुंडाळायची, धणे डब्यात ओतायची, आणि मग कागद मांडीवर घेऊन तळहाताने सपाट करायची. तेवढं पान वाचून होईपर्यंत तिला हाक मारून उपयोग नसे.

एका पानाच्या शेवटी झुंजार तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकत होता आणि खाली पोलिसांची गाडी येऊन थांबली होती. पुढचं पान कुणाच्या घरी गेलं देव जाणे. आईचा झुंजार कितीतरी दिवस तसाच लटकत राहिला. शेवटी तिनेच त्याला सोडवला. रात्री आम्हा भावंडांना झोपवताना पुढची गोष्ट ती मनाने रचून सांगायची.

आमच्या घरात बोलणं कन्नड आणि वाचन मराठी. सीमाभागातल्या कितीतरी जैन घरांत हे असंच होतं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेआधी हा मुलूख मुंबई राज्यात होता. म्हैसूर राज्यात गेल्यावर शाळा-कचेऱ्या हळूहळू बदलल्या, पण डोळ्यांना लागलेली सवय एकाएकी जात नाही. आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. बस्तीतलं शास्त्रवाचन ती कानाने ऐकायची. डोळ्यांनी मराठी वाचायची गोडी मात्र तिला झुंजारने लावली. हे ती चारचौघींत कधी बोलली नाही. 'वाचते काय, तर चोरा-दरोडेखोरांच्या गोष्टी!' असं कुणी म्हणेल याची लाज. त्या लाजेबद्दलच मला आज लिहायचंय.

झुंजारचे लेखक बाबुराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 1906 चा, मृत्यू 1996 चा. हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या, त्यासाठी गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. धनंजय-छोटू ही त्यांची सरळ गुप्तहेरांची जोडी. पण लोकांच्या जास्त लक्षात राहिले ते झुंजार आणि काळा पहाड. हे दोघे कायद्याच्या अलीकडचे की पलीकडचे, ते सांगणं कठीण. गुन्हेगारांना ते शोधून काढतात, पण पोलिसही त्यांच्या मागावर असतात. लबाडीने पैसा केलेल्याला लुबाडायचं आणि नाडलेल्याला द्यायचं, हा त्यांचा धंदा. झुंजारला बायकोही आहे, विजया. नवऱ्याचं गुपित तिला ठाऊक असतं आणि ती त्याच्या कामात बरोबरीने असते. नवरा दुकानात काय करतो हे विचारायची ज्या बायकांना सोय नव्हती, त्यांना ही विजया का आवडली असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

ही जात काही अर्नाळकरांनी शून्यातून काढलेली नाही. इंग्लंडमध्ये 1899 साली हॉर्नंग यांचा रॅफल्स पुस्तकरूपाने आला. दिवसा क्रिकेट खेळणारा सभ्य गृहस्थ, रात्री चोर. हॉर्नंग हे शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयल यांचे मेहुणे. एका घरात हेर जन्मला, दुसऱ्या घरात चोर. योगायोग असा की त्याच 1899 साली आपल्या निपाणीजवळच्या स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली. इकडे आपली माणसं मुलामुलींच्या शिक्षणाचा विचार करत होती, तिकडे रॅफल्स दागिने चोरत होता. पुढे 1905 मध्ये फ्रान्सचा आर्सेन ल्युपँ आला, 1928 मध्ये लेस्ली चार्टरिस यांचा 'सेंट' आला. सेंट वाचला की झुंजार त्याचा मराठी भाऊ वाटतो. पण भाऊ वाटला तरी झुंजार आपल्याकडे रुजला तो आपल्याकडच्या कारणांनी.

अर्नाळकरांचे वाचक वाढले तो काळ आठवा. दुसऱ्या महायुद्धात धान्य, कापड, रॉकेल, सगळ्याची टंचाई. मुंबईत मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेने मेली. गोदामात पोती असायची आणि दारात रांग असायची. 'काळा बाजार' हा शब्द लेकरांच्याही तोंडी आला. स्वातंत्र्य आलं तरी टंचाई गेली नाही. 1955 मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. 1963 च्या जानेवारीत सोन्यावर नियंत्रण आलं आणि 14 कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. लेकीच्या लग्नाचं सोनं एकदम सरकारी मामला होऊन बसलं. कायदा करणाऱ्यांचा हेतू काहीही असो, कायद्याने वागणारा भोळा आणि न वागणारा हुशार, अशी भावना घराघरांत शिरली. अशा वेळी साठेबाजाची तिजोरी फोडणारा माणूस कागदावर का होईना, भेटला तर कुणाला नको होता?

इथे आपल्याला, म्हणजे व्यापारी समाजातल्या बायकांना, थोडं थांबून विचार करायला हवा. झुंजार ज्यांच्या तिजोऱ्या फोडतो ते कोण? ते सावकार, अडते, दुकानदार. सगळे तसे नव्हते, पण ती खुर्ची आपल्या ओळखीची आहे.

आपलं शास्त्र याबाबतीत फार स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, दशलक्षणात दरवर्षी आपण ते ऐकतो. चोराला चोरीची वाट दाखवणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम मोडून व्यापार करणं, मापं कमी-जास्त ठेवणं, आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणं. नीट बघा, यात भिंत फोडणारा चोर कुठेच नाही. पाचही गोष्टी दुकानात, बाजारात घडू शकतात. आपण 'मापात पाप' म्हणतो ते हेच. म्हणजे झुंजार ज्यांना लुटतो ते आपल्या सूत्राप्रमाणे व्रताला डाग लावून बसलेले. पण म्हणून झुंजार सुटत नाही. न दिलेलं घेणं ती चोरीच, मग पुढे ते कुणालाही वाटा.

मी चौथी-पाचवीत असेन. दिवाळी तोंडावर आली होती आणि बाजारात साखर मिळेना. आमच्या माडीवर मात्र साखरेची पोती होती. भाव चढेपर्यंत ती खाली उतरायची नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस सूर्यास्ताआधीच्या जेवणाला वडील बसले होते. आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "झुंजार चिकोडीत आला, तर आधी आपल्याच माडीवर चढेल."

वडील हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. जेवण संपवून, हात धुऊन, न बोलता उठले. दुसऱ्या दिवशी एक पोतं खाली आलं आणि जुन्या भावाने विकलं गेलं. बाकीची वरच राहिली. वडील वाईट माणूस नव्हते. बस्तीला देणगी द्यायचे, गरिबाला उधार द्यायचे. पण नवऱ्याला 'हे बरोबर नाही' असं सरळ म्हणायची सोय आईला नव्हती. ते तिने एका कागदी चोराच्या तोंडून म्हटलं. रद्दीतल्या गोष्टीने आमच्या घरात एका पोत्याएवढं काम केलं. एका पोत्यापुढे तिचं काही चाललं नाही, हेही तितकंच खरं.

चोर नायक होऊ शकतो का, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. आपल्या त्रेसष्ट शलाकापुरुषांत नऊ प्रतिनारायण आहेत आणि रावण त्यांच्यातला एक. तो आपल्या पुराणांत राक्षस नाही. विद्या असलेला, जिनभक्त, पण एका मोहाने बुडालेला राजा आहे. आणि नि:शंकित अंगाचं उदाहरण द्यायचं झालं तर आपण कुणाचं नाव घेतो? अंजन चोराचं. डोळ्यांत अंजन घालून अदृश्य होणारा हा चोर राणीचा हार चोरून पळाला, हाराच्या चमकेने पकडला जाणार म्हणून हार टाकून स्मशानाकडे गेला. तिथे झाडाला शिंकं टांगलेलं, खाली शस्त्रांची टोकं वर करून रोवलेली. मंत्रावर विश्वास ठेवून शिंक्याच्या दोऱ्या तोडायच्या होत्या. साधना करणारा चढत-उतरत होता, त्याला धीर होईना. अंजनाने जिनदत्त शेठच्या शब्दावर विसंबून साऱ्या दोऱ्या एका घावात तोडल्या. त्याला आकाशगामिनी विद्या मिळाली, पुढे त्याने दीक्षा घेतली आणि तो मोक्षाला गेला. ही गोष्ट आपण लेकरांना कौतुकाने सांगतो. झुंजारची मात्र लाज वाटते. फरक एवढाच की अंजन बदलला. झुंजारला बदलून चालणारच नव्हतं. तो सुधारला असता तर पुढच्या महिन्याचं पुस्तक कसं निघालं असतं?

बदलण्याचा हा विचार माझ्या डोक्यात पक्का झाला तो एका परक्या पुस्तकामुळे. मुलगा नोकरीसाठी काही वर्षं इंग्लंडला होता. मला रहस्यकथांचं वेड म्हणून त्याने येताना मायकेल मूरकॉक या लेखकाची जुनी पुस्तकं आणली. मूरकॉकही रद्दीतूनच वर आलेले म्हणायचे. अगदी तरुणपणी ते टारझनच्या साप्ताहिकाचे संपादक होते. नंतर सेक्स्टन ब्लेक या, 1893 पासून चालत आलेल्या गुप्तहेराच्या स्वस्त पुस्तकमालेत त्यांनी काम केलं. 1964 पासून ते 'न्यू वर्ल्ड्‌स' या विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक झाले आणि तिथे त्यांनी जेरी कॉर्नेलियस नावाचा गुप्तहेर उभा केला. 1968 चं 'द फायनल प्रोग्रॅम', 1971 चं 'अ क्युअर फॉर कॅन्सर', 1972 चं 'द इंग्लिश असॅसिन' आणि 1977 चं 'द कंडिशन ऑफ म्युझॅक', अशा चार कादंबऱ्या. शेवटचीला गार्डियन वृत्तपत्राचं पारितोषिक मिळालं.

हा जेरी हेर आहे, शास्त्रज्ञ आहे, गाणंबजावणं करणारा आहे, खुनीही आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तो एका बाईत मिसळून अर्धनारी होतो. दुसऱ्यात फोटोच्या निगेटिव्हसारखा काळ्या कातडीचा आणि पांढऱ्या केसांचा होऊन येतो. तिसऱ्यात बराचसा वेळ शवपेटीत. मेला की पुन्हा उभा राहतो. गोष्ट सरळ चालत नाही. तुकडे येतात, मध्येच बातम्या येतात, काळ मागे-पुढे उडतो. मुलगा म्हणाला, "आई, हे प्रयोगशील साहित्य, कळायला अवघड आहे." मला ते तितकं अवघड गेलं नाही. आमच्या आईने झुंजार असाच तर वाचला होता! त्रेचाळीसावं पान आज, सातवं पान महिन्याने, शेवट कधीच नाही. मूरकॉकनी ठरवून जे केलं, ते आमच्याकडे रद्दीवाल्याने केलं.

पण वाचून झाल्यावर मन जड झालं. जेरीच्या जगात लुटायला साठेबाज नाही आणि द्यायला गरीब नाही. कुठली बाजू बरोबर हेच कुणाला माहीत नाही. साम्राज्य गेलेलं, बॉम्बची भीती, व्हिएतनामचं युद्ध, अशा काळातला तो माणूस. तो सारखा रूप बदलतो, पण आतून सुधारत नाही. आणि शेवटच्या पुस्तकात शंका येते की हे सगळं लंडनच्या गरीब वस्तीतल्या एका पोराचं दिवास्वप्न तर नव्हे! त्याची आई, मिसेस कॉर्नेलियस, जाडजूड, खादाड, बडबडी बाई, तेवढी मला खरी वाटली.

तीन चोर मी अशा क्रमाने लावते. अंजन एकदाच बदलतो आणि पार होतो. जेरी रोज बदलतो आणि कुठेच पोचत नाही. झुंजार मुळीच बदलत नाही. तो वाचणाऱ्याला मात्र जरा हलवून जातो. आपल्यासारख्या संसारी माणसांना अंजनाची उडी झेपत नाही. माडीवरून एक पोतं खाली आणण्याइतकं बळ कधीतरी येतं, तेही कुणी टोचलं तर.

अर्नाळकरांनंतर सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला, गुरुनाथ नाईकांच्या शेकडो रहस्यकथा आल्या. पलीकडे कन्नडमध्ये एन. नरसिंहय्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम होता. आमच्या भागात तर एकाच घरात भाऊ तो वाचायचा आणि बहीण झुंजार. भाड्याची वाचनालयं बंद झाली, पुस्तकं पुन्हा रद्दीत गेली. साहित्याच्या इतिहासात या पुस्तकांना फारशी जागा मिळत नाही, आणि ती वाचून अक्षरओळख टिकवणाऱ्या बायकांना तर मुळीच नाही.

म्हणून एक विनंती. सासूच्या, आईच्या, आजीच्या ट्रंकेत तळाशी असं एखादं फाटकं पुस्तक सापडलं तर लाजून फेकू नका. आधी त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा, ती हयात असेल तर तिला विचारा की हे कधी वाचलंस, कुठे लपवलंस. मग ते गावच्या वाचनालयाला द्या. माझ्याकडे आईचं एकच पान उरलंय. त्याला अजून धण्याचा वास येतो.